अंगवळणी

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी खोड ठाऊक आहे. एखादा शब्द हाती लागला की तो उलटासुलटा करून, दाताखाली धरून पाहिल्याखेरीज मला चैन पडत नाही. दिवाळीच्या अंकात संपादक जरा ऐसपैस जागा देतात, म्हणून यंदा असा एक शब्द घेतला आहे की जो मी आजवर हजारदा वापरला, फळ्यावर लिहिला, ‘वाक्यात उपयोग करा’ म्हणून परीक्षेत विचारला, आणि तरीही त्याच्या पोटात काय आहे ते मला कळले नव्हते. शब्द आहे ‘अंगवळणी’. त्यात ‘अंग’ आहे आणि ‘वळण’ आहे. ही गोष्ट वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मला गोल्फच्या मैदानावर उमगली, आणि ती उमगवणारा माझाच एक विद्यार्थी होता. विद्यार्थी म्हणजे, ज्याला मी शिकवायला हवे होते असा एक मुलगा. त्याची हकीकत पुढे येईलच.

गोल्फ आणि मराठीचा प्राध्यापक ही जोडी वाचकांना विजोड वाटेल. मलाही वाटत होती. पण गेल्या वैशाखात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उपसता उपसता माझी पाठ धरली. उठताना ‘आई गं’ आणि बसताना ‘अरे देवा’, एवढाच माझा शब्दसंग्रह उरला. डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडाकडे धरून पाहिला आणि म्हणाले, “हाडं उत्तम आहेत. तुम्ही हलत नाही, एवढाच रोग.” हे ऐकून आमच्या धाकट्या मेव्हण्यांना स्फुरण चढले. ते एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि आठवड्यातून तीनदा गोल्फ खेळतात. “दाजी, उद्यापासून माझ्याबरोबर ड्रायव्हिंग रेंजवर चला.” सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून एवढेच ऐकले आणि त्या हातातल्या उलथन्यासकट बाहेर आल्या. “या वयात मोटार शिकणार? आणि ती घेणार कोण?” ड्रायव्हिंग म्हणजे इथे चेंडू लांब हाणणे, हे त्यांना पटवण्यात आमची संध्याकाळ गेली.

रेंज म्हणजे शहराच्या कडेचा एक लांबलचक हिरवा माळ. कडेला पत्र्याची शेड, शेडखाली ओळीने चटया, प्रत्येक चटईशेजारी चेंडूंनी भरलेली बादली. समोर ५०, १००, १५० यार्डांच्या पाट्या. पहिल्या सकाळी मेव्हण्यांनी माझ्या हाती लोखंडी पात्याची एक काठी दिली. काठीलाही क्लब म्हणतात आणि त्या काठ्या घेऊन जिथे जमतात त्या संस्थेलाही क्लब म्हणतात. इंग्रजांचे शब्ददारिद्र्य असे मधूनमधून दिसते. “डोकं हलवू नका, डावा हात सरळ, मान खाली,” एवढा उपदेश करून मेव्हणे फोनवर बोलायला निघून गेले.

गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमांहून हलका असतो. क्रिकेटच्या चेंडूच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही वजन नाही. तो स्थिर असतो, पळत नाही, उसळत नाही, कुणी फेकतही नाही. अशा गरीब प्राण्याला काठीने मारणे यात अवघड ते काय, असे मनात आणून मी दोन्ही हात खांद्यावर नेले आणि सगळा जोर एकवटून खाली आणले. काठी चटईवर आपटली. मनगटापासून दातांपर्यंत झिणझिण्या गेल्या. चेंडू जागचा हलला नव्हता. दुसऱ्या वेळी तो हलला, पण वीतभर. तिसऱ्या वेळी शेजारच्या गृहस्थांच्या पायाशी गेला आणि त्यांनी तो फार सभ्यपणे परत केला. पाठ पुन्हा ठणकू लागली.

“सर, ओळखलंत का?”

मागे तिशीतला एक तरुण उभा होता. अंगाने किरकोळ, उन्हाने रापलेला. रेंजवरची सगळी माणसे, मेव्हण्यांसारखी हुद्देदार माणसेसुद्धा, त्याला अदबीने ‘कोच’ म्हणत होती. मी ओळखीचे ते ठरावीक हसू हसलो, जे आम्ही शिक्षक नाव आठवत नसले म्हणजे हसतो. त्याने नाव सांगितले. त्याने ते दुसऱ्यांना देऊ नका असे पुढे बजावले असल्यामुळे इथे देत नाही. नावाने काही उजेड पडेना. मग तो म्हणाला, “रोल नंबर त्रेचाळीस.” आणि मला सगळे आठवले.

बारा वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाच्या वर्गावर माझा सकाळी साडेसातचा तास असे. हा मुलगा आठाला यायचा. बुटांना ओला चिखल, विजारीच्या पायांना गवताची पाती. मागच्या बाकावर बसायचा आणि पाच मिनिटांत डुलक्या घेऊ लागायचा. हजेरी पंचाहत्तर टक्के लागते. याची चाळिसाच्या आसपास भरली. मी नाव काढले. तो अर्ज घेऊन स्टाफरूममध्ये आला. ‘सकाळी काम असल्यामुळे उशीर होतो’ असे अर्जात होते. कसले काम, हे मी विचारले नाही. अर्जातले ऱ्हस्वदीर्घ मात्र तपासले, आणि त्यात एकही चूक नव्हती हे आज आठवते. चार सहकारी ऐकत होते. त्यांच्या देखत मी एक वाक्य फेकले, “अंग चोरून विद्या येत नसते!” सहकारी हसले. मुलाची टर्म गेली. पुढच्या वर्षी तो वर्गात दिसला नाही, आणि तो दिसत नाही हेही माझ्या ध्यानात आले नाही.

ते काम म्हणजे हे मैदान. पहाटे साडेपाचला इथे येऊन तो कुणाची तरी चौदा काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन नऊ होल चालायचा आणि मग सायकलवरून कॉलेजात यायचा. तो कॅडी होता. सोमवारी खेळणाऱ्यांना मैदान बंद असे, त्या दिवशी कॅडींना खेळू देत. जुन्या काठ्यांवर, हरवून सापडलेल्या चेंडूंवर तो शिकला. हे सगळे त्याने त्या पहिल्या दिवशी दोन वाक्यांत सांगितले आणि लगेच माझ्या हातातली काठी काढून घेतली. “सर, ही बाजूला ठेवू. आधी नुसतं अंग.”

त्याला तू म्हणावे की तुम्ही, हा पेच मला पुढे आठवडाभर पडला होता. शेवटी मी क्रियापदे टाळून बोलू लागलो. व्याकरणाच्या शिक्षकालाच हे जमू शकते.

पहिला धडा असा. दोन्ही हात छातीवर एकमेकांत अडकवायचे, पाय खांद्याइतके फाकवायचे, खुब्यातून किंचित पुढे वाकायचे, आणि उजवीकडे वळायचे. इतके वळायचे, की डावा खांदा हनुवटीखाली यावा आणि पाठ जिकडे चेंडू मारायचा तिकडे व्हावी. मी वळलो. वळलो असे मला वाटले. “सर, तुम्ही फक्त हात नेलेत,” तो म्हणाला, “छाती अजून चेंडूकडेच बघतेय.” मग मी मोठ्या जिद्दीने कंबर पिळली आणि ‘आई गं’ म्हणालो.

“कंबर नाही सर. कंबर वळत नसते.”

मी थबकलो. कंबर वळत नाही? अहो, आमच्या सगळ्या लावण्या ज्या कमरेवर उभ्या आहेत ती वळत नाही? पण तो खरे सांगत होता. पाठीच्या कण्याचा जो भाग आपण कंबर म्हणून दाखवतो, तिथे पाच जाड मणके आहेत. त्यांचे सांधे पुढेमागे वाकण्यासाठी घडवलेले आहेत. बाजूला वळायचे म्हटले तर पाचही मिळून एका बाजूला दहा अंशही धड वळत नाहीत. वळतात ते वरचे बारा, ज्यांना बरगड्या जोडलेल्या आहेत. ते तीस-पस्तीस अंश देतात. आणि वळतात खुबे. मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो तो सांधा म्हणजे खुबा. मांड्यांवर तोललेले ते वाडग्यासारखे हाड, वैद्यांच्या भाषेतली श्रोणी, या दोन गोळ्यांवर फिरते. चांगला खेळाडू काठी मागे नेतो तेव्हा श्रोणी सुमारे पंचेचाळीस अंश वळलेली असते आणि खांदे सुमारे नव्वद. श्रोणीचे पंचेचाळीस, बरगड्यांच्या मणक्यांचे पस्तीस आणि कमरेचे ते कृपणाचे थोडेसे, अशी बेरीज केली तर नव्वदाच्या घरात जाते. ज्याचे खुबे खुर्चीत बसून बसून गंजले आहेत आणि छातीचा पिंजरा टेबलावर वाकून वाकून आवळला आहे, तो उरलेले अंश कमरेकडून मागतो. कमरेजवळ द्यायला काही नसते. मग ती दुखते. माझ्या पाठीचे निदान डॉक्टरांनी एका वाक्यात केले होते, त्याचा हा अन्वयार्थ.

आता मराठीत आपण ‘कंबर कसली’ म्हणतो, ‘कंबर बांधली’ म्हणतो, ‘कंबरडे मोडले’ म्हणतो. कंबर वळवली असे कोणी म्हणत नाही. कसायची, बांधायची आणि जपायची ती कंबर, एवढे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. संस्कृत कवींना श्रोणी फार प्रिय, पण तीही बहुधा मंद चालण्यापुरतीच.

चार दिवस मी हात छातीवर बांधून नुसता वळत होतो. शेडमधले इतर लोक चेंडूमागून चेंडू हाणत होते आणि मी घुबडासारखा इकडून तिकडे. पाचव्या दिवशी काठी मिळाली. चेंडू दिसल्याबरोबर माझे हात पुन्हा वखवखले. मी मारले. चेंडू फरफटत गेला.

“अंग चोरताय सर.”

त्याने हे सहज म्हटले की आठवणीने, हे मला त्या वेळी कळले नाही आणि आजही कळलेले नाही. तो वाकून बादलीतून पुढचा चेंडू काढत होता, त्यामुळे चेहरा दिसला नाही. मी मात्र काठी धरून तसाच उभा राहिलो. गोल्फमध्ये ते वाक्य अक्षरशः खरे आहे. हात काम करतात आणि अंग स्वस्थ उभे राहते. नवशिक्याचा हाच दोष. स्टाफरूममध्ये ज्याला मी ते वाक्य ऐकवले होते तो पहाटेपासून खांद्यावर ओझे वाहून आला होता.

खरी मौज यापुढे आहे. मागे वळणे ही नुसती तयारी. खाली येताना कोण आधी निघतो, यावर सगळा खेळ आहे. माझी समजूत अशी, की काठी मारते म्हणून काठी आधी निघावी, तिच्यामागून हात, अंगाने मागाहून सवडीने यावे. घडते ते बरोबर उलट. काठी अजून मागेच जात असते, तोच भार डाव्या पावलावर येऊ लागतो आणि श्रोणी डावीकडे वळू लागते. वरचे धड मागे, खालचे पुढे. या ओढाताणीत पोटाचे, कुशीचे, पाठीचे स्नायू ताणले जातात. मग धड निघते, मग दंड, मग मनगट, आणि सर्वांत शेवटी काठीचे टोक.

मी म्हटले, हे डोक्यात शिरत नाही. त्याने क्षणभर विचार केला आणि विचारले, “सर, गोफण पाहिलीय?”

पाहिली होती, पण चालवली नव्हती. आमचे बालपण वाड्यात गेले. त्याचे आजोबा जिरायती गावचे. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभे राहून पाखरे हाकायचे. गोफणीत गुंडा घालून ते डोक्याभोवती फिरवायचे, पण गुंडा सुटायचा तो दंडाच्या जोराने नव्हे, असे त्याने सांगितले. आधी पाय रोवला जायचा, मग खुबा वळायचा, मग छाती, मग हात, आणि हात जवळजवळ थांबल्यासारखा झाला की दोरीचे टोक सणसणत पुढे जायचे. नातवाने ते लहानपणी शंभरदा पाहिले होते. गोल्फची काठी हाती आली तेव्हा त्याला नवे असे काही वाटलेच नाही.

हात ‘थांबल्यासारखा’ होतो, ही यातली किल्ली आहे. पोतराजाचा आसूड आठवा. तो मुठीला हिसका देतो आणि मूठ रोखतो. वेग दोरीतून पुढे पळत जातो आणि टोकाशी कडाडतो. गोल्फमध्येही श्रोणी आपल्या कमाल वेगाला पोचते आणि मंदावते. तिचा वेग धडाला मिळतो. धड मंदावते, दंडांना मिळतो. दंड मंदावतात, काठीला मिळतो. प्रत्येक जण आधीच्यापेक्षा जास्त वेगाने फिरतो. शेवटी अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंच्या लांब काठीचे टोक ताशी १८० किलोमीटरांच्या पुढे जाते. आणि हे सगळे सुरू होते ते पावलांखाली, जमीन दाबण्यापासून. डावा पाय जमीन खाली रेटतो, जमीन त्याला वर रेटते, आणि त्या रेट्याने डावा खुबा मागे सरकून वाट करून देतो. माणूस गुळगुळीत बर्फावर उभा राहिला तर कितीही दंड असले तरी त्याला चेंडू लांब मारता येणार नाही.

त्याने माझ्या पंचाच्या टोकाला गाठ मारली आणि तो मला काठीसारखा फिरवायला लावला. हाताने ओढला की पंचा लुळा पडतो. अंग आधी वळले की गाठ सप्पकन आवाज करते. हा प्रयोग वाचकांनी घरी जरूर करावा; फक्त जवळपास काचेच्या बरण्या नसाव्यात. आमच्याकडची लोणच्याची एक गेली.

खालच्या आणि वरच्या अंगाच्या वळणातला फरक जितका मोठा तितका चेंडू लांब जातो, हा विचार अमेरिकेतल्या जिम मॅक्लेन नावाच्या शिक्षकाने १९९२ साली मांडला आणि त्याला ‘एक्स फॅक्टर’ असे नाव दिले. नाव असे भारदस्त, की जो तो खुबे आवळून खांदे पिळू लागला. पुढे मापे घेणाऱ्यांच्या ध्यानात आले, की वर असतानाचा ताण किती यापेक्षा खाली निघताना तो क्षणभर आणखी किती वाढतो, हे जास्त महत्त्वाचे. म्हणजे पुन्हा ‘आधी कोण निघाले’ हाच प्रश्न.

पण खुबे आवळून पिळण्याचे हे वेड सर्वांना सोसणारे नाही, असे माझे मत झाले आहे, आणि कोचचेही तेच आहे. १९३० साली एकाच वर्षात त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकणारा बॉबी जोन्स काठी मागे नेताना डावी टाच खुशाल उचलायचा आणि श्रोणी भरपूर वळू द्यायचा. नंतरच्या काळातला जॅक निक्लॉसही टाच उचलायचा. टायगर वुड्ससारख्या लवचीक आणि बळकट खेळाडूवरही २०१७ साली कमरेचे मणके जोडून घेण्याची वेळ आली. त्यानंतर २०१९ मध्ये त्याने मास्टर्स जिंकली, ही त्याची पुण्याई. कोच मला म्हणाला, “सर, तुमची टाच उचलू द्या. खांदे नव्वद नाही झाले तर ऐंशी. तुम्हाला टीव्हीवर जायचं नाहीये.” त्याच दिवशी त्याने मेव्हण्यांचा ‘डोकं हलवू नका’ हा मंत्रही रद्द केला. डोके खिळ्याने ठोकल्यासारखे धरले की छाती अडते. ते थोडे कलले, सरकले तर बिघडत नाही. मेव्हण्यांना हे मी अजून सांगितलेले नाही. ते गेली नऊ वर्षे मान खाली घालून खेळत आहेत.

एवढे ऐकल्यावर माझ्यातला प्राध्यापक जागा झाला आणि मी एक पुस्तक मिळवले. बेन होगन या अमेरिकन खेळाडूचे ‘फाइव्ह लेसन्स’, १९५७ सालचे. चेंडूपासून खांद्यांपर्यंत एक तिरपी काच आहे आणि खेळाडूचे डोके तिच्या भोकातून वर आले आहे, असे त्यातले चित्र प्रसिद्ध आहे. काठी मागे नेताना त्या काचेला फोडून वर जाऊ नये. खाली येण्याची सुरुवात खुब्यांनी करा, हे होगनने त्यात निक्षून सांगितले आहे. पण मला पुस्तकाहून त्याच्या चरित्राने धरून ठेवले. होगन टेक्ससमधल्या एका लोहाराचा मुलगा. तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले. त्याने वर्तमानपत्रे विकली, आणि अकराव्या वर्षापासून फोर्ट वर्थच्या एका मैदानावर लोकांच्या पिशव्या वाहिल्या. कॅडी! दिल्लीचा अली शेर, ज्याने १९९१ साली इंडियन ओपन जिंकली, तोही कॅडीच होता. होगन लहानखुरा होता, त्यामुळे अंगातून जोर काढल्याखेरीज त्याला गत्यंतर नव्हते. घण मारणाऱ्या बापाकडे पाहून तो काही शिकला की काय, हे पुस्तकात नाही. माझ्या मनात मात्र आले.

२ फेब्रुवारी १९४९ रोजी टेक्ससमध्ये धुक्यात समोरून एक बस त्याच्या मोटारीवर आली. शेजारी बसलेल्या बायकोला वाचवण्यासाठी तो तिच्या अंगावर आडवा झाला. ती वाचली. त्याचे गळ्याचे हाड मोडले, घोटा मोडला, आणि श्रोणीचे हाड दोन ठिकाणी मोडले. पुढे पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या. तो पुन्हा नीट चालेल की नाही याची शंका होती. सोळा महिन्यांनी, जून १९५० मध्ये, पायांना पट्ट्या गुंडाळून तो मेरियनच्या मैदानावर उतरला. शेवटच्या दिवशी छत्तीस होल चालला, तिघांत बरोबरी झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा अठरा होल चालला आणि यूएस ओपन जिंकला. खुबा आधी निघतो, असे जगाला सात वर्षांनी शिकवणारा माणूस तो हाच. मी हे पान पुन्हा पुन्हा वाचले.

पुस्तकाने मला एक अडचणही केली. खाली येताना खुबा, मग छाती, मग हात, असे मी घोकू लागलो आणि एकही चेंडू धड लागेना. कोचने काय चालले आहे ते ओळखले. काठी वर न्यायला सुमारे पाऊण सेकंद लागतो. खाली यायला सुमारे पाव सेकंद. आणि काठी व चेंडू यांची गाठ पडते ती किती वेळ? एका सेकंदाचे दोन हजार भाग केले तर त्यातला जेमतेम एक भाग. पाव सेकंदात ‘खुबा’ हा शब्दही मनात पुरा उमटत नाही. तिथे विचाराला शिरकावच नाही. अंगाला ते वळण आधीच पडलेले असावे लागते. “अंगवळणी पडेपर्यंत नुसतं करायचं सर,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी तो शब्द माझ्यापुढे उघडला. बाळबोध अक्षरांचे वळण, मुलांना लावायचे वळण, गावाकडच्या रस्त्याचे वळण, हे सगळे मला ठाऊक होते. अंगाचे वळण तेवढे राहून गेले होते.

श्रावणात एका सकाळी पावसाने झोडपले. पत्र्यावर इतका आवाज, की बाकीचे सगळे निघून गेले. आम्ही दोघेच चहा घेत बसलो होतो. मी बरेच दिवस मनात जुळवलेले वाक्य काढले. “त्या वर्षी मी तुझी टर्म—”

त्याने मध्येच तोडले. “त्या वर्षी आई आजारी होती सर. फी तशीही भरता आली नसती.”

हे खरे असेल. किंवा मला बरे वाटावे म्हणून तो म्हणाला असेल. बारा वर्षांपूर्वी विचारले असते तर कळले असते. मी कप खाली ठेवला आणि मुक्त विद्यापीठातून बी. ए. पुरे करता येते, तेही मराठी घेऊन, वयाची अट आड येत नाही, असे बरेच काहीसे भरभर बोललो. तो ऐकत होता. “बघू सर,” म्हणाला. फॉर्म मी दुसऱ्याच दिवशी आणून दिला. तो त्याच्या शेडमधल्या फळीवर, चेंडूंच्या खोक्याखाली दाबून ठेवलेला आहे. गेल्या आठवड्यापर्यंत तो कोराच होता.

माझे म्हणाल तर पाठ पुष्कळ बरी आहे. दहांतले चार चेंडू हवेत उडतात, आणि एक कधी कधी १०० च्या पाटीपर्यंत जातो. तो जातो तेव्हा हातांना काही जाणवतच नाही. जोर लावला असे वाटतच नाही. पट्ट्याचे बक्कल समोर झालेले असते, उजवी टाच वर उचललेली असते, आणि चेंडू दूर, छोटासा. सौभाग्यवती परवा मला पाहायला आल्या होत्या. “एवढ्यासाठी माझी बरणी फोडलीत?” असे म्हणाल्या, पण त्यांनीही दोन चेंडू मारून पाहिले. त्यांचा दुसराच उडाला. जात्यावर दळलेल्या आईची मुलगी, खुब्यातून वळणे तिच्या घरचेच.

दसऱ्याच्या आधी परीक्षेच्या कामामुळे मला चार दिवस जाता आले नाही. पाचव्या दिवशी गेलो तो कोच खुर्चीवर वही उघडून बसला होता. रेघा मारलेली, पुठ्ठ्याच्या बांधणीची, आमच्या कॉलेजात असते तशीच. शिकायला येणाऱ्या सगळ्यांची नावे त्यात आहेत. रविवारी येणारी पोरे, दोन डॉक्टर, एक निवृत्त कर्नल. अक्षर वळणदार. माझ्या नावापुढे ओळीने चार ‘गै’ होते.

“हजेरी कमी पडतेय सर,” तो म्हणाला.

मी म्हटले, “सकाळी काम असल्यामुळे उशीर होतो.”

त्याने वहीतून वर पाहिले. मग वही मिटली, चेंडूंची बादली उचलून माझ्या चटईशेजारी ठेवली आणि काठी आपल्याकडेच ठेवून घेतली. मी पाय रोवले, हात छातीवर बांधले आणि वळू लागलो.